‘विवाह हा करार’ : एका सूत्राची चिकित्सा

हिंदू विवाह हा संस्कार आहे आणि मुस्लिम विवाह हा करार आहे, या विधानाची चर्चा करा, असा प्रश्न विधिशाखेच्या व समाजशास्त्राच्या प्रश्नपत्रिकांतून वारंवार आढळतो. त्याचे उत्तरही बहुधा ठरलेलेच असते. निकाहात एका पक्षाचा प्रस्ताव असतो, दुसऱ्याचा स्वीकार असतो, साक्षीदार असतात, मेहर असतो. ही सर्व कराराचीच अंगे होत. म्हणून निकाह हा दिवाणी करार होय, असे लिहून विद्यार्थी पुढील प्रश्नाकडे वळतो. हे उत्तर चुकीचे आहे असे म्हणता येणार नाही. परंतु त्या उत्तरामुळे पतीपत्नींच्या हक्कांविषयी व कर्तव्यांविषयी आपल्याला काही नवे कळले, अशी जी समजूत होऊन बसते ती मात्र तपासून पाहणे अवश्य आहे. करार म्हटल्यावर त्याची कलमे कोणी लिहिली, ती कोणाविरुद्ध बजावता येतात आणि न्यायालय ती कोणाच्या हाती देते, हे प्रश्न ओघानेच येतात. प्रस्तुत लेखात या प्रश्नांच्या अनुरोधाने काही निवाडे व कायदे वाचण्याचा प्रयत्न केला आहे.

आरंभी शब्दांविषयी थोडेसे. निकाहाच्या बंधनास अरबी धर्मशास्त्रात ‘अक्द’ म्हणतात. त्या धातूचा मूळ अर्थ बांधणे, गाठ मारणे असा आहे. म्हणजे आपल्या ‘लग्नगाठी’ला तो शब्द जितका जवळचा आहे तितका मुद्रांकित कागदावरील कराराला नाही. ‘करार’ हा शब्दही मराठीत अरबीतूनच आला. तेथे त्याचा अर्थ स्थैर्य, ठरलेपणा असा आहे. मराठीत येईतो त्याला देण्याघेण्याचा वास लागला. कुराणातील ‘निसा’ या सूरेत पतीने पत्नीकडून दिलेले धन परत घेऊ नये असे सांगताना विवाहाला दृढ प्रतिज्ञा या अर्थाचे नाव दिले आहे, आणि त्याच सूरेत मेहर हे स्त्रियांना खुल्या मनाने द्यावयाचे दान म्हटले आहे. विवाहाची ही दोन वर्णने आणि व्यापारी कराराचे वर्णन यांत अंतर आहे हे उघड आहे. ते अंतर कोठे व कसे बुजले, हे पाहण्यासाठी एकोणिसाव्या शतकातील न्यायालयांकडे वळावे लागते.

सूत्राचा सर्वांत प्रसिद्ध आधार म्हणजे अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १८८६ साली दिलेला अब्दुल कादिर विरुद्ध सलीमा हा निर्णय. त्यातील प्रमुख निकालपत्र न्या. सय्यद महमूद यांचे आहे. सर सय्यद अहमदखान यांचे हे चिरंजीव केंब्रिज येथे शिकलेले होते व अरबी ग्रंथ मुळातून वाचू शकत होते. त्या काळच्या उच्च न्यायालयांत असा न्यायाधीश विरळाच. मुसलमानांत विवाह हा संस्कार नसून निव्वळ दिवाणी करार आहे, या आशयाचे त्यांचे वाक्य पाठ्यपुस्तकांनी इतक्या वेळा उतरून घेतले आहे की, ते कशासाठी लिहिले गेले हे जवळजवळ विस्मृतीत गेले आहे.

खटल्यातील प्रश्न असा होता. पतीने पत्नीला नांदावयास आणण्यासाठी दावा लावला. पत्नीचा मेहर दिलेला नव्हता. पण पतीपत्नी काही काळ एकत्र राहिली होती. अशा स्थितीत मेहर मिळेपर्यंत नांदावयास न जाण्याचा पत्नीचा हक्क शिल्लक राहतो काय? यावर हनफी पंथाच्या आचार्यांतच मतभेद होता. स्वतः अबू हनीफा यांच्या मते समागम झाला असला तरी हा हक्क नष्ट होत नाही. त्यांचे दोन शिष्य अबू यूसुफ व मुहंमद यांच्या मते पत्नीने एकदा स्वेच्छेने स्वतःस पतीच्या स्वाधीन केले की हा हक्क संपतो. महमूद यांनी शिष्यांची बाजू घेतली. येथपर्यंत ही केवळ परंपरेतील एका मताची निवड आहे, आणि तिला शास्त्राधारही आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे ती त्या निवडीचे समर्थन.

महमूद यांनी विक्रीच्या कराराची उपमा घेतली. माल विकणाऱ्याला किंमत मिळेपर्यंत माल अडवून ठेवण्याचा हक्क असतो, आणि माल एकदा खरेदीदाराच्या ताब्यात गेला की तो हक्क संपतो. किंमत मागण्याचा हक्क उरतो, पण माल परत ओढता येत नाही. मेहर ही किंमतीच्या जागी आणि पत्नीचे पतीगृही जाणे हे माल ताब्यात देण्याच्या जागी ठेवले की उत्तर आपोआपच निघते. पतीला नांदावयास आणण्याचा हुकूमनामा मिळावा, मात्र तो मेहर देण्याच्या अटीवर. अट घातली हे खरे, आणि तिचे मोलही कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि पत्नीच्या हाती पूर्वी असलेला पूर्ण बचाव यानंतर केवळ अट होऊन बसला. आपल्या सूत्राच्या इतिहासातील ही पहिलीच विसंगती म्हणावी लागेल. ज्या निर्णयाने मुस्लिम विवाह हा करार असल्याचे ठासून सांगितले, त्याच निर्णयाने त्या कराराच्या थकलेल्या बाजूला, म्हणजे पत्नीला, कराराचे सर्वांत परिणामकारक साधन नाकारले. आणि गंमत अशी की, मेहर ही विवाहाची किंमत नसून पत्नीच्या सन्मानार्थ कायद्याने पतीवर लादलेली जबाबदारी आहे, या परंपरागत मताची दखलही महमूद यांनी त्याच निकालपत्रात घेतली आहे. ठरविलेला नसला तरी मेहर देय असतोच, हे तेही मान्य करतात. जी रक्कम ठरविल्यावाचूनही देय होते ती व्यापारी अर्थाने प्रतिफल कशी, हा प्रश्न त्या निकालपत्रात अनुत्तरित राहतो.

महमूद यांच्या विद्वत्तेविषयी आम्हांस नितांत आदर आहे. परंतु या निकालपत्रातील ज्ञान अरबी ग्रंथांचे असले तरी त्यातील चौकट इंग्लंडातील व्यापारी कायद्याची आहे, हे नमूद केल्यावाचून राहवत नाही. जुने फकीहही विक्रीची उपमा वापरीत; पण ते तिला उपमाच मानीत आणि तिच्या मर्यादा सांगत. १९३३ साली त्याच अलाहाबाद न्यायालयात अनीस बेगम विरुद्ध मुहंमद इस्तफा वली खान या खटल्यात मुख्य न्यायाधीश सुलेमान यांनी हीच मर्यादा दाखवून दिली. विक्रीची उपमा फार ताणता येत नाही आणि मुस्लिम विवाहाला धार्मिक संस्काराचेही अंग आहे, असे त्यांचे म्हणणे. पाठ्यपुस्तके हे मतही देतात, पण तळटीपेसारखे.

आता महमूद यांच्या मागे जावयास हवे. पतीने पत्नीला नांदावयास आणण्यासाठी दिवाणी न्यायालयात दावा लावावा हा उपायच मुळी कोठून आला? १८६७ साली प्रिव्ही कौन्सिलने मुन्शी बझलूर रहीम विरुद्ध शम्सुन्निसा बेगम या खटल्यात मुस्लिम पतीला असा दावा लावता येतो असे ठरविले. पतीने पत्नीची संपत्ती बळकावल्याच्या आरोपातून निर्माण झालेले हे प्रकरण होते. त्या निर्णयाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. पतीचे क्रौर्य, किंवा विवाहकराराने पत्नीच्या हितासाठी पतीवर टाकलेल्या कर्तव्यांत त्याने केलेली घोर कसूर, हा अशा दाव्याला बचाव होऊ शकेल, असे प्रिव्ही कौन्सिलने सूचित केले. दावा मात्र इंग्लंडातील धर्मपीठांच्या न्यायपद्धतीतून आलेला होता. शरीअतीत पत्नीने पतीच्या घरी राहणे हे कर्तव्य आहे. विनाकारण घर सोडणारी पत्नी ‘नाशिझा’ ठरते व तिचा पोषणाचा हक्क थांबतो. म्हणजे कर्तव्यभंगाचा परिणाम पोटगीवर होतो. त्यासाठी न्यायालयाने हुकूमनामा काढून बेलिफाकरवी तिला आणवावे, ही कल्पना वेगळ्या घराण्यातली आहे.

महाराष्ट्राला ही गोष्ट नवीन नाही. मुंबईत १८८४ साली दादाजी भिकाजी यांनी रखमाबाईंवर लावलेला दावा हाच होता. न्या. पिन्ही यांनी १८८५ मध्ये तो फेटाळताना हा उपाय इंग्लंडातून आणलेला आहे, आणि तेथेही तो फारसा मानाचा राहिलेला नाही, याकडे लक्ष वेधले. महमूद यांचा निर्णय ज्या वर्षी झाला त्याच १८८६ साली मुंबईच्या अपील न्यायपीठाने पिन्ही यांचा निर्णय फिरविला, आणि १८८७ मध्ये रखमाबाईंपुढे पतीगृह किंवा सहा महिन्यांचा तुरुंगवास असा पर्याय ठेवण्यात आला. प्रकरण १८८८ साली तडजोडीने मिटले. रखमाबाईंचा विवाह ‘संस्कार’ होता आणि सलीमेचा ‘करार’. दोघींसमोर आलेला हुकूमनामा मात्र एकाच साच्यातला होता. अशा हुकूमनाम्यासाठी तुरुंगवासाची तरतूद १९२३ साली गेली. मालमत्ता जप्तीची राहिली. ज्या इंग्लंडातून हा उपाय आला त्या देशाने तो १९७० च्या कायद्याने रद्द केला.

सूत्राची खरी कसोटी लागते ती पत्नी जेव्हा स्वतः अटी घालते तेव्हा. निकाहनाम्यात अटी घालण्याची प्रथा जुनी आहे. पती दुसरे लग्न करणार नाही, पत्नीला अमुक गावाबाहेर नेणार नाही, अमुक रक्कम खर्चासाठी देईल, आणि हे न घडल्यास पत्नीला स्वतःवर तलाक उच्चारण्याचा अधिकार राहील, अशा त्या अटी असत. पतीने आपला तलाकाचा अधिकार पत्नीच्या हाती देणे, यास ‘तफवीज’ म्हणतात. कलकत्ता न्यायालयाने १८८२ साली हमीदुल्ला विरुद्ध फैजुन्निसा या प्रकरणात असा अधिकार मान्य केला होता. हा मार्ग खुला राहिला हे न्यायालयांच्या श्रेयाचे आहे, आणि तो फारसा चोखाळला गेला नाही हा दोष न्यायालयांचा नाही.

परंतु १९१२ सालचा मुंबईचा बाई फातमा विरुद्ध अलीमहंमद ऐयब हा निर्णय पाहा. पुढे बेबनाव होऊन विभक्त राहण्याची वेळ आली तर अमुक पोटगी देईन, असा पतीने लिहून दिलेला करार न्यायालयाने सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून शून्य ठरविला, कारण त्याने भावी विभक्ततेस उत्तेजन मिळते. जो विवाह तत्त्वतः निव्वळ दिवाणी करार म्हणावयाचा, ज्यात पतीला एकतर्फी तलाकाची मोकळीक आहे, तेथे विभक्ततेची शक्यता गृहीत धरून केलेली पत्नीच्या निर्वाहाची सोय मात्र कुटुंबसंस्थेला धोकादायक ठरते! अलाहाबाद न्यायालयाने १९२१ साली मुहंमद मुईनुद्दीन विरुद्ध जमाल फातिमा या प्रकरणात अशाच स्वरूपाच्या करारास वैध मानले. तेव्हा न्यायाधीशांत एकमत नव्हते हे उघड आहे. या दोन निर्णयांपैकी कोणता योग्य हा आमचा प्रश्न नाही. करार हे तत्त्व पतीच्या दाव्याला आधार देताना अढळ असते आणि पत्नीच्या संरक्षक कलमापाशी येऊन डळमळू लागते, एवढे मात्र येथे दिसते.

याच तत्त्वाचा दुसरा उपयोगही शक्य होता हे १९६० साली दिसून आले. इतवारी विरुद्ध असगरी या खटल्यात दुसरे लग्न केलेल्या पतीने पहिल्या पत्नीला नांदावयास आणण्यासाठी दावा लावला होता. न्या. धवन यांनीही मुस्लिम विवाह हा दिवाणी करार आहे याच विधानापासून सुरुवात केली. पण पुढे ते म्हणतात त्याचा आशय असा की, मग हा दावा म्हणजे कराराच्या विशिष्ट पालनाचा दावा. असा उपाय देणे न देणे न्यायालयाच्या विवेकावर असते. आणि दुसरी पत्नी आणणाऱ्या पतीनेच आपल्या कृत्यात क्रौर्य नव्हते हे दाखविले पाहिजे. दावा फेटाळला गेला. गृहीतक महमूद यांचेच, निष्कर्ष विरुद्ध. त्या दोहोंमध्ये पाऊणशे वर्षे गेली होती आणि वाचणाऱ्याची दृष्टी बदलली होती.

१९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद अधिनियम या चर्चेत सहसा स्त्रियांना घटस्फोट देणारा कायदा म्हणून येतो. तो पतीच्या कर्तव्यांची यादी म्हणून वाचला तर अधिक बोलका वाटतो. दोन वर्षे पोषण न करणे, योग्य कारणावाचून तीन वर्षे वैवाहिक कर्तव्ये न पाळणे, पत्नीच्या संपत्तीची विल्हेवाट लावणे, एकाहून अधिक पत्नी असल्यास त्यांना कुराणाच्या आज्ञेप्रमाणे समतेने न वागविणे, या प्रत्येक कारणातून एकेक कर्तव्य लेखी झाले आहे. हनफी मतात पत्नीला विच्छेदाचे मार्ग अतिशय थोडे होते. त्यामुळे पंजाबातील काही स्त्रिया विवाह तोडण्यासाठी धर्मच सोडू लागल्या. त्यावर उपाय म्हणून मौलाना अशरफ अली थानवी यांनी मालिकी मताचा आधार घ्यावा असे सुचविले. काझमी यांनी विधेयक मांडले ते या पार्श्वभूमीवर. म्हणजे कर्तव्ये निश्चित झाली ती करारातून नव्हे, तर करार मोडण्याच्या तीव्र गरजेतून.

आता दिवाणी विवाहाकडे वळू. ज्याला आपण रजिस्टर लग्न म्हणतो त्याचा कायदा १८७२ चा. पण त्यानुसार विवाह करणाऱ्यांना आपण अमुक धर्माचे नाही असे जाहीर करावे लागे. १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांच्यासाठी ती अडचण काढली. मुसलमानांसाठी ती १९५४ च्या विशेष विवाह अधिनियमापर्यंत राहिली. या अधिनियमात तीस दिवसांची सूचना आहे, एकपत्नीत्व आहे, विवाहाधिकारी व तीन साक्षीदार आहेत. पण पतीपत्नींची परस्परकर्तव्ये कोणती, हे सांगणारे एकही कलम त्यात नाही. ती शोधावी लागतात उपायांच्या मागे : सहवास सोडला तर बावीसाव्या कलमाचा दावा, क्रौर्य किंवा व्यभिचार झाला तर सत्ताविसाव्याखाली विच्छेद. रखमाबाईंच्या वेळचा तोच उपाय येथेही बसला आहे. कलम छत्तीस व सदतीस यांनुसार पोटगी मिळते ती पत्नीलाच. हिंदू विवाह अधिनियमाप्रमाणे ती दोघांपैकी कोणालाही मागता येत नाही. या बाबतीत धर्मनिरपेक्ष कायद्याची रचना हिंदू कायद्यापेक्षा शरीअतीच्या अधिक जवळ आहे, हे सहसा ध्यानात येत नाही.

आणि अटी? या कायद्याखालील विवाहात पक्षांनी आपली कलमे लिहावीत अशी जागाच ठेवलेली नाही. प्रतिज्ञापत्राचा नमुना शासनाचा, परिणाम कायद्याचे. परस्परसंमतीचा विच्छेद अठ्ठाविसाव्या कलमात प्रथमपासून आहे. पण तो न्यायालयाच्या दारातून मिळतो, निकाहातील ‘मुबारात’ मात्र दोघांच्या संमतीने होते. दिवाणी विवाह हा निकाहाच्या मानाने कितीतरी कमी कराराधिष्ठित आहे असा याचा अर्थ होतो. दिवाणी म्हणजे करारात्मक आणि धार्मिक म्हणजे संस्कारात्मक, ही जोडणी इथे उलटते. या उलट्या चित्रात पत्नीची स्थिती अधिक बरी की वाईट, हे एका शब्दात सांगता येणार नाही. दुसरी पत्नी आणण्यास मज्जाव करण्यासाठी तिला अट लिहून घ्यावी लागत नाही, हा मोठा लाभ आहे. वारसा भारतीय उत्तराधिकार अधिनियमाने ठरतो. त्यामुळे संतती असता विधवेचा वाटा एक अष्टमांशाऐवजी एक तृतीयांश होतो. पण विवाहाच्या दिवशीच निश्चित होणारी, पतीच्या वारसांकडूनही वसूल करता येणारी मेहरसारखी रक्कम तिला या कायद्याने दिलेली नाही, आणि संसारात मिळविलेल्या मालमत्तेत वाटाही दिलेला नाही.

मेहरचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला तो शाहबानो प्रकरणात. घटस्फोटित पत्नीला द्यावयाची रक्कम म्हणून मेहर पोटगीच्या जागी धरता येईल काय, हा त्यातील एक कळीचा मुद्दा होता. २३ एप्रिल १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पाच सदस्यांच्या न्यायपीठाने असे म्हटले की, मेहर हे पत्नीबद्दलच्या आदराचे चिन्ह आहे; आदराखातर दिलेली रक्कम घटस्फोटामुळे देय झाली असे कसे म्हणावयाचे? म्हणजे १८८६ साली बाजूला पडलेले परंपरागत मत जवळजवळ शंभर वर्षांनी निकालाचा आधार बनले. त्या निर्णयावरील वादंगात या युक्तिवादाकडे फारच थोड्यांचे लक्ष गेले, ही खेदाची गोष्ट होय. १९८६ च्या अधिनियमाचा अर्थ लावताना २००१ साली डॅनियल लतीफी प्रकरणात भावी निर्वाहाची वाजवी तरतूद इद्दतीच्या मुदतीत करावयाची असली तरी ती इद्दतीपुरती नसते असे ठरले, आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी संहितेखालील पोटगीचा मार्गही मुस्लिम घटस्फोटितेला खुला असल्याचे सांगितले. या सर्व निर्णयांत पोटगीचे कर्तव्य कायद्याने लादलेले आहे. पक्षांनी ठरविलेले नाही.

हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईच्या विधानभवनावर सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा नेला, तेव्हा त्यांची मागणी एकतर्फी तलाक व बहुपत्नीत्व यांना कायद्याने बंदी घालण्याची होती. निकाहनाम्यात चांगल्या अटी लिहाव्यात अशी नव्हती. ज्या स्त्रीच्या हाती लेखणीच नाही तिला कराराचे स्वातंत्र्य देऊन काय लाभ, हा त्यामागील विचार आम्हांस बिनतोड वाटतो. तरीही तफवीजचा मार्ग ज्यांनी वापरला त्यांना तो उपयोगी पडला, हेही नाकारता येत नाही. एकतर्फी तत्काळ तलाक सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली शायराबानो प्रकरणात रद्द केला. बहुपत्नीत्व मात्र मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात अद्याप उभे आहे, आणि तेवढ्यापुरती निकाहनाम्यातील अट आजही निरर्थक झालेली नाही.

तुलनेसाठी दूर जावे लागत नाही. गोव्यात पोर्तुगीज अमदानीतील १९१० च्या हुकुमाने विवाहास स्पष्टपणे दिवाणी करार म्हटले, आणि १९६२ च्या अधिनियमाने जुने कायदे चालू ठेवल्यामुळे ती व्यवस्था तेथील हिंदू, ख्रिस्ती व मुसलमान या सर्वांना लागू राहिली. १९३७ चा शरीअत अधिनियम तेथे गेलाच नाही. त्या व्यवस्थेत पतीपत्नींनी विवाहापूर्वी नोंदलेल्या लेखाने वेगळे ठरविले नसेल तर उभयतांची सर्व मालमत्ता सामाईक होते, प्रत्येकाचा निम्मा हिस्सा धरला जातो, आणि स्थावर विकावयाची असल्यास दोघांची सही लागते. वेगळे ठरवावयाचे असेल तर ते लग्नाआधी ठरवावे लागते. लग्नानंतर तो लेख बदलता येत नाही. येथे ‘करार’ या शब्दाखाली कलमे ठरविण्याची मोकळीक आहे, पण मौन पाळणाऱ्या पत्नीलाही अर्धा वाटा आहे. महमूद यांच्या निकालपत्रात मौन पाळणाऱ्या पत्नीला ठरविलेला नसला तरी मेहर मिळतो. विशेष विवाह अधिनियमाखाली मौन पाळणाऱ्या पत्नीला मालमत्तेतून काहीच मिळत नाही. आमच्या विद्यार्थ्यांनी परीक्षेतील तो जुना प्रश्न पुढे कधी सोडविला, तर ‘करार की संस्कार’ याऐवजी या तीन मौनांची तुलना करून पाहावी.